अळ्यांनी अडवलेला मामा

"दादा, पोरगं शेती करतंय. काहीतरी खोट काढ अन् नकार देऊन ये," जालन्यातल्या मस्तगडच्या घरातून निघताना बहिणीनं मला बजावलं. भाची कल्याणी तिथंच परिचारिका आहे. स्थळ हसनाबादचं, आणि मुलाला भेटल्याशिवाय नकार द्यायचा नाही हा हट्ट तिचाच. म्हणून मला नाशिकहून बोलावून घेतलेलं. नवा सदरा चढवला, कानामागं अत्तर लावलं. मामाचा थोडा रुबाब नको का?

एसटी भोकरदन तालुक्यात शिरली तशी दोन्ही अंगांना फुटलेली कपाशी दिसू लागली. बायका वेचणीला वाकलेल्या. कल्याणी खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होती.

मुलाच्या वडिलांनी, आबांनी, फाट्यावरून आम्हाला घरी नेलं. गरम धपाटे आणि घट्ट दही पुढं आलं. मी तीन खाल्ले, खोटं कशाला बोलू? मग आबा म्हणाले, "चला, वावर दाखवतो. गणेश तिथंच राबून राह्यला."

दोन एकर हिरवीगार तुती, कडेला रेशीम किड्यांची शेड. रोगजंतू आत जाऊ नयेत म्हणून दारात चुना टाकलेला. गणेश हात जोडत पुढं आला आणि तिथंच थबकला.

"मामा, राग नका मानू. तुम्हाला आत न्हाई येता यायचं."

"का बरं?"

"अत्तराचा वास येऊन राह्यला. अन् खिशात तंबाखूची पुडी दिसती. त्यानं अळ्या मरत्यात. दोन दिवसांत कोष विणायला लागतील त्या."

आबा लालबुंद झाले. "अरे, सोयरिकीला आलेत! डोकं फिरलं का तुझं?"

"आबा, सोयरीक मोडली तर मोडू द्या. महिनाभर जपलंय मी त्यांना."

असा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. नकाराला आयतंच कारण मिळालं! मी वळलो तर कल्याणी बिनधास्त हातपाय धूत होती. ती आत गेली. मी आपला लिंबाखाली बसून राहिलो. दारातून दिसत होतं, तो तिला पाला कसा पसरायचा ते दाखवत होता आणि ती एकेक फांदी अलगद ठेवत होती. दोघांनाही आमचं भान नव्हतं. माझा राग तिथंच विरला. काय पोरगा आहे राव!

संध्याकाळी जालन्यात पोचलो. बहीण दारातच उभी. "मंग? काय खोट निघाली?"

"मला शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही त्यानं."

"बघ! मी म्हटलं न्हाई का?"

"अगं, तोच तर त्याचा गुण! असा जपणारा माणूस नोकरीवाल्यांत तरी दाखव मला."

बोलताना माझीच मला लाज वाटली. शाळेत मास्तरकी करताना पोरांना 'शेतीकडे वळा' असं मी किती वेळा सांगितलं असेल. आणि माझ्या भाचीला शेतकरी सांगून आला, तर निघालो खोट काढायला!

बहीण काही बोलणार, तेवढ्यात कल्याणी चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, मी त्याला होकार देऊन आलेय."