चिठ्ठी माझ्याच हातात दिली होती

नवीन धोरण आलं आणि आमच्या मुलुंडच्या शाळेत शनिवारचा वर्ग ऑनलाइन झाला. आठवीची वर्गशिक्षिका मी. "आजकाल मोबाइल कुणाकडे नसतो गं!" असं मीच टीचर्स रूममध्ये तोऱ्यात म्हटलं होतं. आठवलं की आता कानशिलं तापतात.

कुणाकडे फोन आहे, ते वर कळवायचं होतं. मी मुलांकडून चिठ्ठ्या घेतल्या. एका मुलीने लिहिलं होतं, 'फोन आईचा आहे. आई स्वयंपाकाच्या कामाला जाते, तेव्हा तो तिच्याकडे असतो.' मी तिच्यासमोरच ती वाचली. पण फॉर्ममध्ये रकाने दोनच, आहे आणि नाही. 'नाही' म्हटलं की प्रत्येकाचा वेगळा अर्ज, पालकांची सही, झेरॉक्स. कोण डोकेफोड करणार? घरात फोन आहे ना, झालं तर! अख्ख्या वर्गाच्या नावांपुढे 'आहे' ठोकून दिलं. "यांचा वर्ग बघा, शंभर टक्के!" मुख्याध्यापिका सगळ्यांना सांगत सुटल्या आणि मी फुशारले, खोटं कशाला बोलू.

ती मुलगी दोन-तीन शनिवार वर्गात दिसली. मागे कुकरच्या शिट्ट्या, भांड्यांचा खणखणाट. मी सगळ्यांसमोर खेकसले, "घर आहे की खानावळ? आधी म्यूट कर!" नंतर ती यायचीच बंद झाली. मी गैरहजेरी मांडत गेले.

दिवाळीनंतर टॅब आले, फक्त 'नाही'वाल्यांसाठी. माझ्या वर्गाला एकही नाही.

तिची आई दोन कामांच्या मधल्या वेळात लेकीला घेऊन धावत शाळेत आली. "बाई, हिचं नाव कसं नाही यादीत? शनिवारी मी हिला कामाच्या घरी न्यायचे, ओट्याखाली बसवायचे. आता त्या मॅडम नको म्हणतात. टॅब नाही मिळाला तर हिचं वर्ष जाईल हो."

ओट्याखाली! त्या शिट्ट्या तिथल्या होत्या. तरी तोंडातून निघालं काय, तर "यादी वरून येते, आमच्या हातात काही नसतं."

आई लेकीवरच उखडली. "तूच चिठ्ठीत काहीतरी येड्यासारखं लिहिलं असशील!"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी आता बोलेन, म्हणून थोडी थांबलीसुद्धा. मग खाली बघत म्हणाली, "हो आई. माझंच चुकलं असेल."

आणि मी, तिची बाई, मान डोलावली.