सर्जिकल लॅबची डुकरं आणि लान्स नायक रामा झुगरे

माझ्या मूव्हमेंट ऑर्डरवर 'ट्रेनिंग विंग' एवढंच लिहिलं होतं. मी आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट, तेव्हा रँक नायक, गाव जामसर, तालुका जव्हार. मला वाटलं, वर्ग असतील, फळा असेल. पहिल्या सकाळी सुभेदार साहेब मला इमारतीच्या मागे घेऊन गेले. तिथे आठ कप्पे होते आणि प्रत्येकात एक पांढरं डुक्कर.

"भोये, ये तुम्हारा वॉर्ड है," साहेब म्हणाले.

फॉरवर्ड एरियात, म्हणजे सीमेजवळ, जाण्याआधी तरुण सर्जन आमच्याकडे यायचे. स्प्लिंटर, म्हणजे स्फोटाचा तुकडा, लागलेल्या माणसाचं रक्त कसं थांबवायचं, ते पुस्तक वाचून हाताला येत नाही. डुकराच्या मोठ्या रक्तवाहिन्या जाडीला माणसासारख्याच असतात, म्हणून सराव त्याच्यावर. आदल्या संध्याकाळपासून खाणं बंद, पाणी चालू. सकाळी सहाला वजन. साडेसहाला गुंगीचं इंजेक्शन, मग कानाच्या शिरेत सुई. पूर्ण बेशुद्ध झालं की टेबलावर. इन्स्ट्रक्टर जखम करायचे आणि सर्जनने ती आवरायची. सराव संपला की त्याच गुंगीत जास्तीचं औषध. टेबलावर गेलेलं एकही जनावर पुन्हा जागं होत नसे. शेवटचं इंजेक्शन भरून देणं माझं काम. रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, सहीही माझी.

त्यांना नावं द्यायची नाहीत असा नियम होता. मी दिली नाहीत. पण खाणं घेऊन गेलो की माझ्या बुटांचा आवाज ओळखून ती उठायची. त्याला माझा इलाज नव्हता.

लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, मी बसलो की शेजारची दोन माणसं ताट उचलून सरकायची. मी साबणाने दोनदा अंघोळ करून जात असे. तरी सरकायची. सुट्टीत घरी आलो की बाप विचारायचा, "काय काम देतात?" मी म्हणायचो, "दवाखान्यात." आमच्याकडे रानडुकरं नागलीचं शेत एका रात्रीत लोळवतात. मी डुकरांचं पोट भरतो, त्यांच्या अंगावर पांघरूण घालतो, हे बापाला कसं सांगणार? त्या तीन वर्षांत माझं सगळ्यांत जास्त बोलणं त्या आठ कप्प्यांशी झालं असेल.

एकच माणूस माझ्याजवळ जेवायला बसायचा. लान्स नायक रामा झुगरे, ॲम्ब्युलन्स असिस्टंट, मोखाड्याचा. आमची गावं जवळ, भाषा एकच. ताट ठेवता ठेवता तो विचारायचा, "तुझं पेशंट बरं हायेत ना रं?" आणि हसायचा. त्याच्या हसण्याचा मला राग येत नसे.

त्याच काळात कॅप्टन मेनन कोर्सला आल्या. पहिल्या दिवशी डुकराच्या जांघेतली मोठी वाहिनी कापलेली होती. मॅडम जखमेत वाहिनी शोधत राहिल्या आणि चार मिनिटांत जनावर गेलं. त्या हातमोजे न काढता तशाच उभ्या होत्या.

मी म्हणालो, "मॅडम, आधी मूठ दाबायची. शोधायचं नंतर."

त्यांनी मान हलवली. कोर्स संपेपर्यंत त्या रोज सर्वांत आधी यायच्या.

पुढच्या वर्षी आम्ही तिघंही एकाच फॉरवर्ड सर्जिकल सेंटरला पोहोचलो. उंच डोंगरात दोन बंकर, एक टेबल, एक सर्जन. बरेच दिवस फक्त सर्दी, हिमदंश आणि दाढदुखी.

त्या दिवशी सकाळी दहा चाळीसला रेडिओ वाजला.

"माइन ब्लास्ट. दो कॅज्युअल्टी. एक गर्दन, एक जांघ. ओव्हर."

"हेलिकॉप्टर?"

"बादल है. निगेटिव्ह. ओव्हर."

गस्तीच्या तुकडीबरोबर रामा गेला होता. अकरा पंचवीसला दोन स्ट्रेचर आले. पहिल्यावर सिपाही गुरमीत. मानेत स्प्लिंटर, श्वास अडकत होता. दुसऱ्यावर रामा. जखम जांघेत इतकी वर होती की टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, बसायला जागा नव्हती. बरोबरच्या जवानाने वाटभर गुडघा रोवून ती दाबली होती. मी त्याला बाजूला केलं आणि मूठ आत घातली.

मॅडमनी दोघांना पाहिलं. श्वास अडकलेला माणूस आधी, हे मलाही माहीत होतं.

"भोये, होल्ड कराल?"

"येस मॅडम."

त्या गुरमीतकडे वळल्या. दुखणं थांबवायचं इंजेक्शन रामाला दिलं होतं, पण तो शुद्धीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सोडू नको रं."

"नाय सोडत."

"आयेला सांगशील?"

"तूच सांग."

मग त्याची शुद्ध हरपली. आमच्याकडे त्याच्या गटाचं रक्त दोनच पिशव्या होतं. त्या चढवल्या. दोन जवानांनी तिथंच झोपून रक्त दिलं. माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला. बोटांखाली नाडी लागत होती, नंतर पातळ होत गेली. पन्नास मिनिटांनी गुरमीतचा श्वास नीट चालू झाला आणि टेबल मोकळं झालं.

मॅडमनी रामाची जखम उघडली. आधी माझ्या मुठीवर त्यांची मूठ आली, मग मी माझी काढली. दीड मिनिटात त्यांनी वाहिनीला क्लॅम्प लावला. मी लॅबमध्ये इतके सर्जन पाहिले, इतकं स्वच्छ काम कुणाचंच पाहिलं नव्हतं. रक्त थांबलं. बारा बावन्नला हृदयही थांबलं. मॅडमनी अर्धा तास छाती दाबली. त्यानंतर वेळ मी लिहिली. सही त्यांची होती.

गुरमीत आज त्याच्या गावात शेती करतो.

मी हवालदार होऊन निवृत्त झालो. रामाच्या सरकारी इतमामातल्या अंत्यविधीला मी पोहोचू शकलो नव्हतो, ड्यूटीवर होतो. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात जीपने मोखाड्याला गेलो. रामाची आई अंगणात नागली पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"तू तवा व्हतास?"

मी सगळं सांगितलं. डुकरांपासून सुरुवात केली, कारण त्याशिवाय बाकीचं सांगता येत नव्हतं. घरच्यांनाही जे कधी सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "त्या जनावरांना कळं का?"

"नाय आये. निजवून करायचे."

"आन रामाला?"

खोटं बोलायचं मी वाटेतच ठरवलं होतं. जमलं नाही.

"सुरुवातीला दुखलं. नंतर नाय."

 तिने माझा उजवा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. तेवढ्यात शेजारची बाई कुंपणाशी आली आणि कोण पाहुणा म्हणून विचारू लागली.

रामाच्या आईने माझा हात सोडला नाही.

"पाहुणा नाय," ती म्हणाली. "माझ्या रामाला ह्यानी धरलेला."