पळसाच्या द्रोणातली धार

काल बाबांच्या मातीला काका आले, हातात पळसाचा भरलेला द्रोण घेऊन. चर्चची मंडळी कुजबुजायला लागली. मला मात्र त्या ओल्या पानाच्या वासाने थेट आजोबांच्या मातीपाशी नेऊन उभं केलं.

तेव्हा मी शाळेत होते. नवापूरकडच्या आमच्या गावांत गेलेल्या माणसाच्या नावाने प्रत्येक मुलगा मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतो. थोरले म्हणून काकांनी आधी सोडली आणि द्रोण बाबांपुढे धरला. बाबा तेव्हा नवे विश्वासी, नुकतेच ख्रिस्ती झालेले. आदल्याच रविवारी त्यांनी आम्हाला बायबलातला दानिएलाचा अध्याय वाचून दाखवला होता. परक्या राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस त्याने का नाकारला, ते समजावलं होतं. तडजोड पहिल्या घासापासूनच सुरू होते, म्हणाले होते.

"पिऊ नको रे, नुसती धार सोड," काका म्हणाले. "बाप आहे तो आपला."

बाबांनी हात मागे बांधले. "दादा, पाणी दे. पाण्याची सोडतो."

"बापाला पाण्यावर बोळवतोस?"

काकांनी द्रोणच उलटा केला. दारू मातीत मुरली आणि मोहाचा उग्र वास पसरला. त्यानंतर दोघे भाऊ कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी मला बाबा दानिएलासारखे शूर वाटले होते. आता आठवतात ते फक्त पाठीमागे एकमेकांना घट्ट धरलेले त्यांचे हात.

काल काका खड्ड्याशी वाकले. द्रोण तिरका केला. मोहाचा वास आलाच नाही.

"पाणीच आणलंय रे," ते खाली बघत म्हणाले. "आता तरी बोल."