लादलेली का मोकळी

अकरावीच्या एका धड्यात घोड्याच्या चालींचे चार इंग्रजी शब्द येतात: वॉक, ट्रॉट, कँटर आणि गॅलप. धड्यात ते एकाच परिच्छेदात येऊन जातात, पण मी त्यांच्यावर अख्खा तास घालवते. डस्टर उलटं धरते आणि टेबलावर वाजवून दाखवते. वॉक म्हणजे सावकाश, एकेक पाऊल. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी. कँटरला तीन ठोके आणि मग जरासा थांबा. आणि गॅलप म्हणजे चौखूर. तिथे पोचेपर्यंत डस्टरमधली खडूची भुकटी पहिल्या बाकापर्यंत उडते आणि शेवटच्या बाकावरचे जागे होतात. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन बघून जातात. मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

शब्द शिकवला की वाक्यात उपयोग करा, हे आलंच. एका मुलीने लिहिलं होतं की तिचे वडील रोज सकाळी बस पकडायला गॅलप करतात. मी लाल शाईने शेजारी लिहिलं, माणूस गॅलप करत नाही, घोडा करतो. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात आणि कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका डॉक्टरांनी माझ्याच वडिलांच्या छातीला तपासायची नळी लावली आणि हाच शब्द उच्चारला. आज ते सगळं मी हसत सांगू शकते, कारण आबा समोर ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडताहेत आणि टरफलं माझ्या कुंडीत टाकताहेत.

आम्ही मूळचे मेंढरांच्या मागे फिरणारे. मी शाळेत जायच्या वयाची झाले तसे आबा घनसावंगीकडच्या आमच्या गावात स्थिरावले, थोडी शेती, थोडी मेंढरं असं करत राहिले. मी शिकले, जालन्यात नोकरीला लागले, तिथेच मस्तगड भागात घर केलं. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आबांचे पाय सुजायला लागले. अंगणातून घरात येईपर्यंत त्यांना धाप लागायची, आडवं झालं की गुदमरल्यासारखं व्हायचं. मी त्यांना आणि मायला इकडे घेऊन आले. हृदयाची ताकद कमी झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. काही दिवस दवाखान्यात ठेवलं, सूज उतरली, आम्ही घरी आलो. निघताना डॉक्टरांनी गोळ्या समजावून दिल्या आणि दोन गोष्टी पुन्हापुन्हा बजावल्या. मीठ बंद म्हणजे बंद, आणि पाणी अगदी थोडं.

आबांनी त्या दोन्ही गोष्टी या कानाने ऐकल्या आणि त्या कानाने सोडून दिल्या. जन्मभर रानात फिरलेल्या माणसाला पाणी कमी पी म्हणणं सोपं नाही. पाणी दिसलं की पोटभर पिऊन घ्यायचं, पुढचं कुठे लागेल सांगता येत नाही, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. मस्तगडला नळाला पाणी येतं न येतं, पण माझ्या स्वयंपाकघरात माठ कायम भरलेला, त्यामुळे त्यांचं फावलं. तांब्या वर धरायचा, नरड्यात धार सोडायची आणि तांब्या रिकामा करूनच खाली ठेवायचा. मिठाचंही तेच. अळणी भाजीला ते हात लावत नव्हते, आणि तरी त्यांचं जेवण कसं होतंय याचं मला नवल वाटत होतं. मग एकदा मायच्या पदराच्या गाठीत मला खड्याचं मीठ सापडलं. मी आरडाओरडा केला. माय म्हणाली, उपाशी मारू का त्येंला? आणि दोघंही टीव्हीकडे तोंड करून बसले. मी रडकुंडीला आले होते. गोळ्या मी देत होते, हिशेब मी ठेवत होते, आणि माझ्या पाठीमागे हे दोघं मिळून माझ्या बापाला मारायला निघाले होते.

व्हायचं तेच झालं. पाय पुन्हा सुजले. पुन्हा दवाखाना.

डॉक्टरांनी आबांच्या छातीवर नळी ठेवली, ती जरा डावीकडे सरकवली, आणि हाताखालच्या शिकाऊ डॉक्टर मुलीला बोलावून म्हणाले, "ऐक. गॅलप आहे."

मी वर्गातल्याच आवाजात विचारलं की हा शब्द इथे कशासाठी. डॉक्टर सरळ माणूस होते, त्यांनी शांतपणे सांगितलं. निरोगी हृदयाचे दोन आवाज असतात. हृदय थकलं आणि काठोकाठ भरलं की कधीकधी तिसरा आवाज उमटतो. तिन्ही मिळून घोडा धावत असल्यासारखं ऐकू येतं, म्हणून ते नाव. मग त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या आणि मला बाजूला घेतलं.

"मॅडम, हे असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी यांना इथवर आणायला तुम्हाला वेळ मिळेल, असं मी सांगू शकत नाही."

इतकी वर्षं ज्या शब्दावर मी हौसेने टेबल बडवलं, तो त्या दिवशी मला नकोसा झाला. बाहेर आल्यावर मायने विचारलं, ते गालप का काय म्हणून राह्यला डाक्टर? मी म्हटलं, घरी चल, सांगते. रिक्षात आबा माझ्या शेजारी बसले होते आणि मी सबंध रस्ताभर त्यांच्या छातीकडे बघत होते.

भीती वाटली की मला राग येतो. घरात शिरल्या शिरल्या आबांनी माठाकडे हात केला, तांब्या बुडवला, आणि माझा तोल गेला. मी त्यांच्याशी गावाकडच्या बोलीत बोलते, त्याच बोलीत ओरडले, "आबा, तुमच्या छातीत घोडी पळून राह्यली. चौखूर. डाक्टरनं नळी लावून ऐकली."

मला वाटलं ते हसतील. घोड्यांचं त्यांना फार कौतुक. वरातीतली घोडी दिसली तरी ते रस्त्यात थांबून तिचे खूर बघतात. पण तांब्या अर्ध्यावरच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"लादलेली का मोकळी?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग डॉक्टरांचं ते काठोकाठ भरलेलं हृदय आठवलं आणि मी म्हटलं, "लादलेली."

आबांनी तांब्या खाली ठेवला. मग भिंतीला टेकून बसले आणि आमच्या जुन्या घोडीचं सांगायला लागले.

बिऱ्हाड एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं तर सगळं घोडीवर लादायचं. पालाचं कापड, भांडी, पिठाचं गाठोडं, आणि सगळ्यात वर ज्यांना चालता येत नाही ते, म्हणजे नुकती जन्मलेली कोकरं आणि लेकरू. मोकळी घोडी पळाली तर बघणाऱ्याला मजा वाटते. लादलेली घोडी फक्त चालते, ती पळायला लागली की समजायचं काहीतरी बिघडलं. आमची घोडी एकदाच तशी सुटली होती. गोदावरीच्या अंगाला जाताना मागून एक ट्रॅक्टर आला, घोडी बुजली, ओझं एका बाजूला कललं आणि ती चौखूर निघाली. ते कललेलं ओझं अंगाला लागत होतं म्हणून ती आणखी जोरात पळत होती, आणि ती पळत होती म्हणून ओझं आणखी कलत होतं. वर जुन्या लुगड्याने बांधलेलं एक लेकरू होतं.

"त्या दिसाचं नाव नका काढू," माय म्हणाली.

ते लेकरू मी होते. माझी चाळिशी उलटली आहे आणि हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आबा तिच्यामागे पळाले नाहीत. मागे पळालं की घोडी आणखी भिते, असं ते म्हणाले. ते लांबून वळसा घालून गेले आणि रोज तिला चारायला बोलवायचे तीच हाक देत राहिले. उसाच्या एका बांधाला ती थांबली. त्यांनी आधी मला सोडवलं, मग एकेक करून सगळं ओझं उतरवलं. घोडी फेसाने भरली होती आणि कालव्याकडे ओढ घेत होती, पण घाम वाळेपर्यंत त्यांनी तिला पाण्याला तोंड लावू दिलं नाही. माय तेव्हा त्यांच्या अंगावर ओरडत होती की मुक्या जनावराला पाणी का तोडता. त्यांनी ऐकलं नाही. घोडी वाचली.

"लादलेली घोडी चौखूर सुटली तर तिचा कसूर नसतो, बाई," आबा मला म्हणाले. "वझं हललेलं असतं. आधी वझं उतरवायचं. मंग पाणी, तेबी जरासं."

एवढं बोलून त्यांनी तांब्या मायकडे सरकवला. "उचल हे. आन् पदरातलं मीठबी काढ."

मायने गुपचूप गाठ सोडली. म्हणजे मीठ पुन्हा पदरात आलं होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. दुसरा कुठला दिवस असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आबा बरे झाले नव्हते, पण आता ते माझ्या बाजूला होते.

त्यानंतर त्यांनी एका छोट्या फुलपात्रातून पाणी प्यायला सुरुवात केली. घोटघोट प्यायचे आणि उरलेलं झाकून ठेवायचे. मी लिंबू, हिरवी मिरची, भाजलेला लसूण असलं काय काय घालून अळणी भाजीला चव आणायचा प्रयत्न केला. ते जेवायचे आणि बिलकुल बेचव झालंय म्हणून बराबर सांगायचेही. गोळी द्यायला गेले की स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायचे, आज दुडकीवर आल्यासारखी वाटती. तुम्हाला काय ऐकू येतं तिथलं, असं मी चिडवायचे. माझी घोडी मला ठाऊक, असं त्यांचं उत्तर. पायांची सूज ओसरत गेली. हळूहळू ते मस्तगडच्या दुकानांपर्यंत चालत जाऊन यायला लागले.

मी मी असल्यामुळे दरम्यान मी शब्दकोश काढून बसले होते. घोड्याच्या गॅलपला चार ठोके असतात. चौखूर शब्दात तर ते चार सरळ बसलेलेच आहेत. तीन ठोके कँटरला. म्हणजे हृदयाच्या तीन आवाजांना कँटर म्हणायला हवं, आणि जगभरचे डॉक्टर चुकीचा शब्द वापरताहेत. हा शोध मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना ऐकवायला घेतला. त्यांनी तोवर आबांच्या छातीवर नळी ठेवली होती.

"तुमचंच बरोबर असेल, मॅडम," ते म्हणाले. "पण जरा गप्प बसता का? मला ऐकू येत नाहीये."

मला असं तोंडावर कुणी म्हणत नाही. मी गप्प बसले. आबा टेबलावर उघड्या अंगाने बसले होते, फासळ्या मोजता आल्या असत्या. डॉक्टरांनी नळी मागच्याच जागी ठेवली, मग खाली, मग आबांना डाव्या कुशीवर निजवून पुन्हा. बराच वेळ ते डोळे मिटून ऐकत राहिले. मागच्या वेळचं त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं. मायने स्टुलाची कड धरली होती.

डॉक्टरांनी कानातून नळी काढली आणि म्हणाले, "गेला."

माय ताडकन उभी राहिली. "कोन गेला?"

"मी हितंच हाये की," आबा कुशीवरूनच म्हणाले.

"गॅलप गेला, आजी," डॉक्टर म्हणाले. पण त्याने मायचं समाधान होईना. तिच्या डोळ्यांपुढे ती घोडीच होती. थांबली का मग घोडी, असं तिने मला विचारलं.

"थांबली न्हाई, माय. चालीवर आली."

डॉक्टरांना आमच्या घोडीचं काहीच ठाऊक नव्हतं. मी थोडक्यात सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले, आणि मग नळी माझ्या कानात देऊन तिचं दुसरं टोक त्यांनी आबांच्या छातीवर ठेवलं. मी ऐकलं. दोन ठोके, मग थोडी उसंत, पुन्हा दोन. त्यांना कुठलीही घाई नव्हती. मला सगळं पुसट दिसायला लागलं आणि मी नळी परत केली.

गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या, मीठही बंदच राहणार होतं. पण डॉक्टरांनी पुढची भेट लांबची दिली, आणि माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. आबांनी सदऱ्याची बटणं लावली, टोपी नीट केली. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला ते पायाने चाचपत होते तेव्हा मी त्यांचा दंड धरला.

"आबा, वझं उतरलं म्हणायचं का मंग सगळं?"

"सगळं कसं उतरल?" ते चपलेत पाय सारत म्हणाले. "तू बांधलेली हायेस की वर."