आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो

चाकण, भोसरी, पिंपरी या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून कधीकाळी कुणीतरी ठरवलं आणि मग तेच अंगवळणी पडलं. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. गावाकडून फोन येतो, "आज रविवार, निवांत असशील," आणि इकडे मी टोपी घालून लाईनवर उभी. उलट गुरुवारी मी राहते त्या चिखलीत भाजीवाल्यांपुढे ही गर्दी, केस कापायला नंबर, गॅलऱ्यांतून धुतलेल्या चादरी. वर्षानुवर्षं असं जगलं की ते अंगात मुरतं. माझ्याही अंगात मुरलं, आणि तेच पुढे मला नडलं.

मी लातूरकडची. बारावी झाली, लग्न झालं आणि इथे आले. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर. चाकणला तयार झालेल्या नव्या गाड्या त्या लांबलचक ट्रेलरवर चढवायच्या आणि पार तमिळनाडू, आसामपर्यंत पोचवायच्या. गेला की महिना महिना तोंड दिसत नाही. मी लागले वायरिंगच्या कंपनीत. गाडीच्या पोटात वायरींचा जो जुडगा असतो तो आम्ही बायका मोठ्या फळीवर अंथरून बांधतो आणि त्याला टेप गुंडाळतो. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, पहाटे निघायचं; एक आठवडा सेकंड, यायला मध्यरात्र. मुलगी झाल्यावर घरी बसले होते, पण एका पगारात चिखलीत राहणं म्हणजे काय ते इथल्याच माणसाला विचारा. परत कामावर जायचं तर पोरीला ठेवायचं कुठे? दोन शिफ्टचं पाळणाघर अजून कुणी काढलेलं नाही.

तेव्हा अक्का म्हणाली, "दे माझ्याकडे. माझी पोरं मोठी झाली, घर खायला उठतं." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्या तालुक्याच्या गावी असते. पोर नुकती चालायला लागली होती. तिला अक्काच्या कडेवर दिली आणि मागे न बघता एसटीत बसले. मागे बघितलं असतं तर उतरले असते.

कंपनीत स्टोअरच्या ऑफिसात बायका घेत होते. माल आला-गेला त्याची कॉम्प्युटरवर नोंद करायची. काम काही फार मोठं नाही, पण शिफ्ट जनरल. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी, बारा महिने तेच. मात्र पदवी पाहिजे. मी मनाशी ठरवून टाकलं: पदवी घ्यायची, स्टोअरमध्ये जायचं आणि पोरगी पहिलीत जायच्या आत तिला घरी आणायची. ध्येय ध्येय म्हणतात ते हेच असेल तर माझं एवढंच होतं. ते मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवायची मला कधी गरज पडली नाही.

मुक्त विद्यापीठात नाव घातलं. त्यांचे तास रविवारी, आणि रविवारी तर आमची कंपनी चालू. मग एक वाट सापडली. गुरुवारी कंपनी बंद असली तरी मशीनची दुरुस्ती, मालाची मोजणी, काही राहिलेलं काम यासाठी थोडी माणसं बोलावतात. त्या दिवशी गेलं की बदली सुट्टी मिळते, तिला सगळे सी-ऑफ म्हणतात. इतर बायका गुरुवारी नाव निघालं की तोंड पाडायच्या, मी आपणहून पुढे. गुरुवार विकायचा आणि रविवार घ्यायचा, असा माझा व्यापार. सुपरवायझर एकदा म्हणाले, "ताई, तुम्ही घरी कधी असता?" मी म्हटलं, "घरी आहे कोण?" हसत म्हटलं होतं, पण त्या दिवशी टेप गुंडाळताना दोनदा वायर चुकली.

दुसऱ्या वर्षी तासाला एक पाहुणे आले, वेळेचं नियोजन शिकवायला. गोरेगोमटे, इस्त्रीचा शर्ट. फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "हा तुमचा दिवस. आता याचे तुकडे करा, कशाला किती वेळ जातो ते दाखवा." मी केले. शिफ्ट, बस, झोप, स्वयंपाक, अभ्यास. संपलं वर्तुळ. ते फिरत फिरत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "यात स्वतःसाठी वेळ कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, हे सगळं माझंच आहे की. शेजारणीचं काय आहे यात?" वर्ग हसला. तेही हसले. मग म्हणाले, "आणि कुटुंबासाठी?"

पोरीला रोज फोन करत होते मी, पण वर्तुळात त्याचा तुकडा काढायचं सुचलंच नव्हतं. इतका तो लहान होता. मला भयंकर राग आला. त्या माणसाचा नाही, तो बिचारा त्याचं काम करत होता. त्या वर्तुळाचा आला. ज्याचं जळतं त्याला कळतं, खडूला काय कळणार?

तेव्हापासून फोनची वेळ पक्की केली. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात घरी आल्या आल्या आणि सेकंडच्या आठवड्यात निघायच्या आधी. व्हिडिओ लावला की पोरगी फोन हातात घ्यायची आणि पळत सुटायची. मला दिसायचा अक्काच्या घरातला पंखा, दाराची कडी, कधी कोंबडी. मी पंख्यालाच विचारायची, "जेवलीस का गं?" लांबून उत्तर यायचं, "जेवलेऽ." मग अक्का फोन घ्यायची आणि सांगायची, काल ताप होता, आज नाही. ताप उतरल्यावरच मला कळायचा. "तू तिथून काय करणार होतीस?" अक्का म्हणायची. तिचं खरंच होतं.

अभ्यास बसमध्ये व्हायचा. कंपनीची बस मोशीवरून चाकणला जाते, आणि चाकणच्या चौकातली गर्दी काय चीज आहे हे मी सांगायला नको. सगळी बस ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडायची, आणि मी मनात म्हणायची, अजून थोडी अडक बाई, पुस्तकातलं एवढं प्रकरण वाचून संपू दे. त्या गर्दीला शिव्या न घालणारी अख्ख्या बसमध्ये मी एकटी. माझा अर्धा हिशेबशास्त्राचा पेपर त्या चौकानं शिकवला.

घरी मात्र शांतता. एका माणसाचा स्वयंपाक करणं ही फार वाईट गोष्ट आहे. दोन पोळ्यांची कणीक मळताना परातसुद्धा मोठी वाटते. खालच्या मजल्यावर चाची राहतात. त्यांच्या नवऱ्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि घरात नातवंडांचा गोंधळ. त्या जिन्यातून हाक मारायच्या, "एकटीनं काय खाती गं, ये खाली." मी म्हणायची, "अभ्यास आहे, चाची." त्यांनी हाक मारायची सोडली नाही आणि मी खाली गेले नाही. गेले असते तर तासभर बसले असते, आणि तासभर माझ्याकडे नव्हता. असं मला तेव्हा वाटायचं.

निकाल लागला तो बसमध्ये. मोबाइलवर बघितला, परत बघितला. पास. अक्काला फोन लावला तर ती लग्नाला गेलेली, मागे बँड वाजत होता, तिला काही ऐकूच येईना. नवऱ्याचा फोन लागेना. शेजारच्या सीटवरच्या बाईला म्हटलं, "मी पास झाले." ती झोपलेली होती. चिखलीत उतरून एका हॉटेलात गेले आणि एक पुरीभाजी सांगितली. पोऱ्यानं विचारलं, "एकच?" म्हटलं, "एकच." पुऱ्या चांगल्या गरम होत्या, पण दोनच खाल्ल्या आणि बाकीच्या बांधून घेतल्या.

पण झालं. स्टोअरमध्ये घेतलं मला. नवऱ्याचा कुठून तरी सेलमवरून फोन आला, "जिंकलंस राव." जून उजाडायच्या आत मी पोरीला आणलं. अक्का स्टँडवर उभी राहून पदर तोंडात धरून रडत होती, आणि पोरगी तिच्याकडे बघत रडत होती. मी मधे. स्वतःचंच लेकरू घेऊन जाताना चोरी केल्यासारखं वाटलं. बस हलल्यावर बऱ्याच वेळानं ती माझ्या मांडीवर झोपली. पाय किती लांब झाले होते तिचे.

घराजवळच्या शाळेत पहिलीत घातली. सकाळी तिला चाचींकडे सोडायचं, त्या नातवंडांबरोबर तिला शाळेत पोचवायच्या आणि घरी आणायच्या. संध्याकाळी मी यायची. सगळं कसं घड्याळासारखं बसवलं होतं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

पहिल्या आठवड्याच्या शनिवारी मी पोळ्या लाटत होते. पोरगी ओट्याला टेकून म्हणाली, "आई, उद्या सुट्टी आहे. आपण काय करायचं?"

मी म्हटलं, "उद्या कुठली सुट्टी? उद्या रविवार आहे."

ती म्हणाली, "म्हणजे सुट्टीच ना."

लाटणं हातात तसंच राहिलं. बाई गं. इतकी वर्षं मिनिटामिनिटाचा हिशेब केला, शिफ्ट बघितली, बस बघितली, शाळेची वेळ बघितली, आणि शाळेला सुट्टी रविवारी असते एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. शिकत होते तोवर रविवार माझ्या हातात होता. पास झाले आणि तो कंपनीला परत देऊन बसले. वर तव्यावरची पोळी जळाली.

सोमवारी साहेबांकडे गेले. म्हटलं, गुरुवारी येते, रविवार द्या. ते वाईट नाहीत, पण म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता स्टाफ. स्टाफला सी-ऑफ नाही. आणि रविवारी माल येतो, तो कोण उतरवून घेणार? रविवार तर सगळ्या एमआयडीसीला पाहिजे." परत लाईनवर जाते म्हणावं, तर मग सेकंड शिफ्ट आलीच, म्हणजे आठवडा आठवडा पोर माझी वाट बघत झोपणार. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, दुसरं काय.

तर आता असं आहे. रविवारी ती दिवसभर चाचींकडे. गॅरेजमध्ये जाते, नातवंडांबरोबर तळ्यावर जाते, काय काय खाते. मी आल्यावर सगळं सांगते, आणि सांगता सांगता झोपते. संध्याकाळी असतेच की मी, पण संध्याकाळ दप्तर, डबा, गणवेश यातच जाते. आणि गुरुवारी मी घरी एकटी. त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी तिला म्हटलं, "आज नको जाऊ शाळेत. आपण दोघी राहू." ती बूट घालत म्हणाली, "नाही आई, आज चित्रकला आहे." आणि गेली. मी घर पुसलं, परत पुसलं. सवयीनं जुनं पुस्तक उघडलं, तर परीक्षाच उरली नव्हती. एवढा मोकळा वेळ मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि एवढं एकटं मी अभ्यासाच्या दिवसांतही नव्हते.

बसवेना. उठले, शेंगदाण्याची पोळी केली, डब्यात घातली आणि शाळेवर गेले. वॉचमन म्हणाले, आत सोडता येत नाही, पण मधल्या सुट्टीत फाटकापाशी बोलवून देतो. ती आली. तिनं आतून हात बाहेर काढला, मी बाहेरून तुकडा दिला. गजांमधून जेवलो आम्ही. घंटा झाली तशी ती पळाली. पुढच्या गुरुवारी परत गेले, आणि त्याच्याही पुढच्या. वॉचमनना आता सांगावं लागत नाही.

मागच्या गुरुवारी तिच्याबरोबर एक मैत्रीण आली. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. तिनं रोज चाचींनाच बघितलेलं. माझ्याकडे बोट करून तिनं विचारलं, "या कोण?"

पोरगी तोंडातला घास चावत म्हणाली, "माझी आई आहे. गुरुवारी असते."

मला वाटलं मैत्रीण हसेल, नाहीतर अजून काही विचारेल. तिनं नुसती मान हलवली.

"माझे पप्पापण," ती म्हणाली, आणि गजांतून हात बाहेर काढला. मी तिलाही एक तुकडा दिला.