अनंताच्या माश्या

अनंत गेल्याची तार हॅम्बर्गला माझ्या हाती पडली, तेव्हा मी कामावर निघालो होतो. तार वाचली आणि कामावरच गेलो... दुसरं काय करावं ते सुचलं नाही. न्युरेम्बर्गला पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

पन्नासच्या दशकात आम्ही दोघं तिथे डॉक्टरेट करत होतो आणि फ्राऊ केलर नावाच्या बाईंकडे एका खोलीत राहत होतो. प्रयोगशाळेत काचेचं भांडं फुटलं आणि अनंताच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या. जखम भरली, पण अंगठा आणि तर्जनी जुळेनात. प्रयोगाच्या कामाला चिमूट हवीच; ती जमली नाही तर पदवीविना परत जाणं, एवढंच उरलं होतं. मी त्याच्या कोटाची बटणं लावू लागलो, पाव कापून देऊ लागलो, आणि एक दिवस त्याला न विचारता त्याच्या परतीच्या बोटीच्या तिकिटाची चौकशी करून आलो. ते मी सांगितलं, तेव्हा तो डाव्या हाताने पुस्तकाची पानं उलटत राहिला.

फ्राऊ केलरांचे यजमान युद्धावरून परतले नव्हते. ट्राउट पकडण्याचा त्यांचा सरंजाम बाईंनी कपाटातून काढून, बोटांना सराव व्हावा म्हणून, अनंतापुढे ठेवला. टेबलाला लावायचा लहान शिकंजा, रेशमी दोरे, कोंबड्याची पिसं. हा मासा पाण्यावर पडलेल्या माश्या खातो, म्हणून गळावर पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची. अनंत जुना नमुना समोर ठेवून बसायचा. दोरा सुटायचा, पीस उडायचं, गळ बोटात घुसायचा. मी चिडवायचो, "माशीला माशी! कारकून झालास की रे." तो मान वर न करता म्हणायचा, "गेनाऊ, अगदी बरोब्बर. तू हात लावू नकोस म्हणजे झालं."

हिवाळा असा गेला. बर्फ वितळल्यावर गावाबाहेरच्या ओढ्यात त्याने आपली वाकडी, एका बाजूला झुकलेली माशी टाकली, आणि बऱ्याच वेळाने एका ट्राउटने ती घेतली. मासा काठावर आला तसा मी गळ काढायला वाकलो.

"सोड," तो म्हणाला. "तू मला मनातून कधीच बोटीत बसवून मोकळा झाला होतास, बाळ्या."

मासा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्याची दोन बोटं जुळली आणि गळ माशाच्या तोंडातून सुटला.

त्याचं म्हणणं खरं होतं. मदत म्हणून मी जे करत होतो, तो त्याला दिलेला निरोपच होता. पुढे त्याला पदवी मिळाली, तिथेच नोकरी लागली, लग्न होऊन सुधावहिनी आल्या; मी हॅम्बर्गला आलो. दर उन्हाळ्यात तो ओढ्यावर बोलवायचा, मी कामाचं निमित्त सांगायचो. त्या दिवसाबद्दल बोलायचं राहून गेलं...

परवा त्याच्या खोलीत गेलो. खिडकीपाशी टेबलावर अर्धी बांधलेली माशी तशीच होती, दोरा लोंबत होता. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, एवढी पुरी कराल का?"

हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला. "नको वहिनी. ती त्याची आहे."

त्या फडकं घेऊन टेबल पुसू लागल्या, आणि लोंबत्या दोऱ्यापाशी आल्यावर वळसा घालून पुढे गेल्या.