पाणी कमी, बोलणं जास्त

आमच्या अकोट्याच्या सोसायटीत कुणी गावाला निघालं, की कुंड्यांसाठी घराची किल्ली समोरच्या काकांकडे जाते. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेला हा माणूस मातीत बोट खुपसतो, ते हुंगतो आणि म्हणतो, "थंडी पडू लागलीय. आता पाणी थोडुंक, बोलणं जास्त. पण आवाज घरातल्याच माणसाचा हवा हं, परका त्यांना चालत नाही." मी हसायचो.

परवा पादरा गावाहून ठरल्यापेक्षा आधीच परतलो; किल्ली काकांकडेच होती. दाराशी आलो, तर आतून माझाच आवाज, मधेच माझा तो कोरडा खोकला. "पिवळा का पडलास रे?"

मी बेल वाजवली.

"कोण छे?" मी दारावरच्यांना गुजरातीत विचारतो तस्संच आतून आलं.

उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना; तो आत कुंड्यांशी बोलत होता.